वाऱ्यावरून किनाऱ्याच्या प्रवाहाचा हिशेब: गोव्यासमोरच्या समुद्रबूड जमिनीवर

ऑगस्टच्या उत्तरार्धात कांदोळीसमोर पंचवीस-तीस मीटर पाण्यात दोरीला तापमापक बांधून सोडला, तर वरच्या थरात २७-२८ अंश आणि तळाजवळ त्याहून चार-पाच अंश थंड पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये त्याच जागी तळाचं पाणीही कोमट असतं. हे थंड पाणी नदीचं नाही आणि पावसाचंही नाही. समुद्रबूड जमीन (किनाऱ्यापासून हळूहळू उतरत जाणारा उथळ समुद्रतळ) जिथे संपते, त्या कडेच्या पलीकडून ते तळाला धरून वर सरकत आलेलं असतं. त्याला वर येऊ देण्यात वाऱ्याचा हात किती, हे कागदावर काढता येतं. त्यासाठी काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि हिशेब कुठे फसतो, ते पुढे दिलं आहे. आकडे गोव्याचे आहेत. मालवण, रत्नागिरी किंवा कारवारसाठी अक्षांश आणि किनाऱ्याचा कोन तेवढे बदलायचे.

हाताशी हवं ते असं: दर तासाचा वारा (दहा मीटर उंचीवरचा), किनाऱ्याचा नकाशा, जवळच्या भरतीमापकाच्या नोंदी, आणि जमल्यास पाण्याच्या तापमानाची व क्षारतेची खोलीवार मोजणी. गणित स्प्रेडशीटमध्ये सहज बसतं.

आधी किनाऱ्याचा कोन

बहुतेक जण थेट वाऱ्यापासून सुरुवात करतात आणि पश्चिम किनारा सरळ उत्तर-दक्षिण धरतात. गोव्यात ही चूक महागात पडते. वेंगुर्ल्यापासून कारवारपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढा. ती उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे २५ अंश कललेली दिसेल. म्हणजे किनाऱ्याची उत्तरेकडची दिशा ३३५ अंश आणि दक्षिणेकडची १५५ अंश. रेघ ओढताना शंभर-सव्वाशे किलोमीटरचा टप्पा घ्या. एखाद्या भूशिराला किंवा मांडवीच्या मुखाला धरून कोन काढला, तर तो त्या खडकाचा कोन होतो. पन्नास मीटर खोलीवरचं पाणी तो पाळत नाही. शंका आली तर समुद्री नकाशावर ५० मीटरची समखोली रेषा पाहा आणि तिचा कोन घ्या.

कोनाला इतकं महत्त्व का, ते लगेच दिसतं. किनाऱ्याला समांतर वाहणारा वाराच इथे पाणी बाहेर किंवा आत ढकलतो. आणि ऐन पावसाळ्यात गोव्यासमोरचा वारा किनाऱ्याला जवळजवळ काटकोनात येतो. सेकंदाला ८ मीटरचा, म्हणजे साधारण साडेपंधरा नॉटचा वारा धरा. त्याचा पाण्यावरचा एकूण ताण चौरस मीटरला ०.०९२ न्यूटन भरतो (कसा, ते खाली आहे). तो वायव्येकडून आला तर त्यातला ०.०८७ किनाऱ्यालगत दक्षिणेकडे पडतो. २९० अंशांवरून आला तर ०.०६५. नेमका पश्चिमेकडून आला तर ०.०३९. २४५ अंशांवरून आला तर शून्य. नैर्ऋत्येकडून आला तर चिन्हच उलटतं आणि ०.०३१ उत्तरेकडे पडतो. वाऱ्याचा जोर सगळीकडे तोच आहे, फक्त दिशा फिरली. अशा ठिकाणी किनाऱ्याचा कोन दहा अंशांनी चुकला, तर काटकोनाजवळच्या वाऱ्यात ०.०१६ चा खोटा ताण जन्माला येतो. पावसाळ्याच्या सरासरी उत्तरात एवढी चूक लहान म्हणता येत नाही.

वारा कुठला घ्यायचा

युरोपच्या ईआरए-५ या पुनर्विश्लेषणात (जुन्या नोंदी आणि संगणकी हवामान-प्रतिमान जोडून केलेल्या आकडेवारीत) १९४० पासूनचा ताशी वारा मोफत मिळतो. त्याची चौकट पाव अंशाची, म्हणजे आपल्याकडे २७ किलोमीटरच्या आसपासची. किनाऱ्यावरची चौकट अर्धी जमीन, अर्धा समुद्र असते आणि जमिनीच्या खरखरीतपणामुळे तिच्यातला वारा मंद दिसतो. म्हणून जमीन-समुद्राचा नकाशा आधी उघडा आणि पूर्ण पाण्यात असलेली पहिली चौकट निवडा. उपग्रहांवरच्या स्कॅटरोमीटरचा, म्हणजे समुद्रावरून परतलेल्या रडार-लहरींवरून वारा मोजणाऱ्या उपकरणाचा, वारा (आपले ओशनसॅट-२, स्कॅटसॅट-१ आणि २०२२ मध्ये सोडलेला ओशनसॅट-३ याच कामाचे) उघड्या समुद्रात अधिक भरवशाचा असतो, पण किनाऱ्यालगतच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत जमिनीचा परतलेला सिग्नल त्यात मिसळतो.

वेळेची एक खोच इथेच सांभाळायची. नोंदी जागतिक वेळेत असतात. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. कुणी फक्त शून्य आणि बारा वाजताच्या नोंदी घेतल्या, तर त्याला आपल्या पहाटेचा साडेपाचचा आणि संध्याकाळचा साडेपाचचा वारा मिळतो. मार्च ते मे या काळात कोकण-गोव्यात खाऱ्या वाऱ्याचा जोर दुपारनंतर असतो आणि पहाटे मतलई वारा किंवा शांतता असते. युरोपच्या मेटऑप उपग्रहांची फेरीही स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी-रात्री साडेनऊच्या सुमारास होते, त्यामुळे दुपारचा खारा वारा त्यांच्या हाती लागत नाही.

ताण काढणं

वाऱ्याचा ताण म्हणजे हवेची घनता गुणिले घर्षण गुणांक गुणिले वेगाचा वर्ग. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो घ्या. सेकंदाला ४ ते ११ मीटर वेगाच्या वाऱ्यासाठी गुणांक ०.००१२ चालतो. वारा त्याहून जोराचा असेल, तर वेगाला ०.०६५ ने गुणा, त्यात ०.४९ मिळवा आणि हजाराने भागा. ८ मीटरच्या वाऱ्यासाठी १.२ गुणिले ०.००१२ गुणिले ६४, म्हणजे ०.०९२ न्यूटन.

वेगाचा वर्ग येतो, म्हणून क्रम बदलायचा नाही: आधी प्रत्येक तासाचा ताण, मग सरासरी. उलट केलं तर काय होतं ते पाहा. एखाद्या एप्रिलच्या दिवशी सहा तास ८ मीटरचा खारा वारा आणि बाकी अठरा तास शांतता असेल, तर दिवसाचा सरासरी वारा २ मीटर निघतो आणि त्यावरून ताण ०.००६. तासातासाने काढलेला खरा सरासरी ताण ०.०२३ आहे. चौपट फरक. गोव्यात हा खारा वारा वायव्येचा असल्याने तो जवळजवळ सगळाच किनाऱ्याला समांतर पडतो. म्हणजे उन्हाळ्यातला ‘हलका’ वारा पावसाळ्यातल्या दांडग्या पण आडव्या वाऱ्याच्या तोडीचं काम करू शकतो, आणि मासिक सरासरी घेणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

आता घटक पाडा. पूर्वेकडे जाणारा ताण उणे ०.४२३ ने गुणा, उत्तरेकडे जाणारा अधिक ०.९०६ ने गुणा आणि बेरीज करा. हा किनाऱ्यालगतचा ताण; उणे आला तर दक्षिणेकडे. हे दोन आकडे ३३५ अंशांचे साइन आणि कोसाइन आहेत, दुसऱ्या किनाऱ्यासाठी तिथल्या कोनाचे घ्या. हवामानखात्याच्या भाषेत वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती, आणि आकडेवारीतले घटक मात्र तो जिकडे जातो तिकडचे असतात. उत्तराचं चिन्ह उलटं आलं की पहिला संशय इथे घ्या.

वरच्या थराचं पाणी कुठे जातं

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि उजवा हात आडवा पसरा. आपल्या गोलार्धात वरच्या थराचं एकूण वहन त्या हाताच्या दिशेने होतं. फ्रॅम जहाजाच्या १८९३ ते १८९६ च्या उत्तर ध्रुवाकडच्या सफरीत नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांना बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे वाहताना दिसलं आणि स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं. नियम त्यांच्याच नावाने चालतो. गोव्यात वारा दक्षिण-आग्नेयेकडे वाहत असेल तर उजवा हात समुद्राकडे येतो. वरचं पाणी बाहेर जातं आणि त्याची जागा भरायला तळचं आत सरकतं.

किती जातं? ताणाला पाण्याची घनता (१०२५) आणि कोरिऑलिस गुणांक (पृथ्वीच्या फिरण्याचा त्या अक्षांशावरचा परिणाम दाखवणारा आकडा) यांच्या गुणाकाराने भागा. साडेपंधरा अक्षांशावर तो गुणांक सेकंदाला ०.००००३९ आहे, त्यामुळे गोव्यापुरता सोपा नियम: ताणाला ०.०४ ने भागा. ०.०६५ चा ताण असेल तर किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरमागे सेकंदाला १.६ घनमीटर पाणी बाहेर. शंभर किलोमीटर किनाऱ्यावर ते १ लाख ६० हजार घनमीटर होतं. मुंबईसाठी भाजक ०.०४९, कोचीसाठी ०.०२६. म्हणजे तोच वारा कोचीसमोर गोव्याच्या दीडपट पाणी हलवतो.

हे पाणी किनाऱ्यालगतच्या ज्या पट्ट्यात वर येतं त्याची रुंदी थरांच्या घनतेवरून ठरते. वरचा थर २० मीटर, खालचा ४० मीटर आणि दोघांच्या घनतेत ३ किलोचा फरक धरला, तर पट्टा सोळा किलोमीटरच्या आसपास येतो. १.६ ला १६,००० ने भागलं की वर चढण्याचा वेग मिळतो: दिवसाला जवळपास ९ मीटर. वारा असाच टिकला तर दोन-तीन दिवसांत थंड थर पृष्ठभागाला टेकायला हवा. गोव्यात तो सहसा टेकत नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

तरंगणाऱ्या वस्तूंवरून या वहनाचा अंदाज बांधू नका. मे महिन्यात गोव्याच्या वाळूवर डांबरगोळे येतात, तेव्हा ‘प्रवाह आत येतोय’ असं सरसकट म्हटलं जातं. तेलाचा तवंग आणि डांबर पृष्ठभागाच्या अगदी वरच्या कातडीत असतात आणि वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्क्यांनी वाऱ्याबरोबर सरकतात. ८ मीटरच्या वाऱ्यात ते सेकंदाला २४ सेंटिमीटर होतं. त्याच वेळी दहा-वीस मीटरचा थर एकंदरीत बाहेर जात असू शकतो.

हे गणित किती खोलीपासून लागू

वरच्या नियमात एक अट लपलेली आहे: वाऱ्याचा थर आणि तळाच्या घर्षणाचा थर एकमेकांत मिसळता कामा नयेत. पाणी वरपासून खालपर्यंत एकजीव असेल, तर ८ मीटरच्या वाऱ्याचा थर गोव्याच्या अक्षांशावर कागदावर ९५ मीटरच्या पुढे जातो. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दुबळा, म्हणून थर जाड. पण पाणी थरांत विभागलेलं असेल तर तोच वारा पंधरा-वीस मीटरवर अडतो. म्हणून सूत्रातली जाडी आंधळेपणाने वापरू नका. तापमान-क्षारतेची मोजणी असेल तर मिसळलेला थर तिथेच बघा.

वीस मीटरच्या आत हे दोन थर जवळजवळ नेहमी गुंततात. तिथे काटकोनातलं वहन घटतं, पाणी बरंचसं वाऱ्याच्याच दिशेने जातं आणि किनाऱ्याकडे येणारा वारा, जो खोल पाण्याच्या हिशेबात आपण सोडून दिला होता, तोच महत्त्वाचा होतो: वर पाणी आत आणि तळाशी बाहेर. डोल जाळी लावण्याच्या पट्ट्यात वरचं गणित वापरलं तर उत्तर चुकणारच. साधारण ३० मीटरच्या पुढे ते वापरा, आणि पाणी एकजीव असलेल्या महिन्यांत त्याहूनही पुढे.

किनाऱ्यालगतचा प्रवाह आणि त्याला लागणारा वेळ

वारा सुरू झाला की किनाऱ्यालगतचा प्रवाह हळूहळू वेग घेतो आणि तळाचं घर्षण त्याला आवरतं. घर्षणाचा गुणांक सेकंदाला ०.०००५ मीटर धरला तर खोलीला त्याने भागून वेळ मिळतो: २० मीटरला ११ तास, ५० मीटरला २८ तास, १०० मीटरला अडीच दिवसांच्या आत. तेवढ्या वेळात प्रवाह त्याच्या अंतिम वेगाच्या तीन-पंचमांशापर्यंत पोचतो. अंतिम वेग म्हणजे ताण भागिले घनता आणि हा गुणांक, ०.०६५ च्या ताणासाठी सेकंदाला १३ सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे वाऱ्याची आजची नोंद आणि प्रवाहाची आजची नोंद समोरासमोर ठेवून तुलना करू नका. वाऱ्याला मागचे दोन-तीन दिवस जोडून, जुन्याला कमी वजन देत, मग तुलना करा.

भरतीमापकावर पडताळा

दक्षिणेकडे वाहणाऱ्या प्रवाहामुळे किनाऱ्याशी पाण्याची पातळी खाली जाते. १३ सेंटिमीटरचा प्रवाह ५० किलोमीटर रुंद पट्ट्यात असेल तर उतार अडीच सेंटिमीटरचा येतो. मार्मागोव्याला उधाणाची भरती-ओहोटी दोन मीटरच्या घरातली. तिच्यातून अडीच सेंटिमीटर शोधायचे आहेत. सावकाश केलं तर सापडतात.

पहिल्यांदा हवेच्या दाबाचा परिणाम काढा: दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर दबतं. म्हणजे तीन हेक्टोपास्कलचा बदल न काढता सोडला, तर शोधत असलेली सगळी खूण त्यात बुडते. मग भरती-ओहोटी गाळा. इथे पाठ्यपुस्तकं दगा देतात. अमेरिका-युरोपच्या किनाऱ्यांसाठी लिहिलेल्या पद्धतींत ३३ ते ४० तासांची चाळणी (त्याहून जलद चढउतार गाळणारी) असते, कारण तिकडे पृथ्वीच्या फिरण्याने येणारा झोका वीस तासांच्या आत असतो आणि तो चाळणीत अडकतो. गोव्यात तो झोका ४५ तासांचा आहे, मुंबईत ३७ तासांचा. ४० तासांची चाळणी लावली तर गोव्यातला हा झोका बऱ्याच अंशी तसाच खाली उतरतो, आणि वारा थांबल्यावर प्रवाहात दिसणारी दोन-दोन दिवसांची लाट कुणीतरी ‘हवामानाची लाट’ म्हणून मोजून मोकळं होतं. चाळणी निदान तीन-साडेतीन दिवसांची ठेवा.

दक्षिणेची बातमी

आतापर्यंतचं सगळं नीट केलं तरी नोव्हेंबर ते जानेवारीत उत्तर सपशेल चुकेल. त्या महिन्यांत गोव्यासमोरचा वारा उत्तरेच्या अंगाने येतो, म्हणजे हिशेबाप्रमाणे प्रवाह दक्षिणेकडे हवा. प्रत्यक्षात पश्चिम भारत किनारी प्रवाह तेव्हा उत्तरेकडे, वाऱ्याच्या तोंडावर वाहत असतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने खंडान्त उताराजवळ नांगरलेल्या ध्वनी-प्रवाहमापकांच्या नोंदींतून हे किनाऱ्याच्या अनेक ठिकाणी मोजलं गेलं आहे.

याचं कारण किनाऱ्याला चिकटून धावणाऱ्या लाटा. उत्तर गोलार्धात त्या किनारा उजव्या हाताला ठेवून जातात, म्हणजे आपल्याकडे कन्याकुमारीकडून उत्तरेला. केरळसमोर, श्रीलंकेभोवती, इतकंच काय, बंगालच्या उपसागरात वाऱ्याने केलेला बदल त्या इथवर आणतात. वेग सेकंदाला दोन-अडीच मीटर. कोचीपासून गोव्याला पोचायला तीन-चार दिवस, कन्याकुमारीपासून चार-पाच. पावसाळ्यात तळचं पाणी वर येणं आधी दक्षिण टोकाला सुरू होऊन मग उत्तरेकडे सरकतं, त्यातही यांचा मोठा वाटा आहे.

म्हणून स्प्रेडशीटमध्ये आणखी दोन स्तंभ जोडा: कोचीसमोरचा किनाऱ्यालगतचा ताण तीन-चार दिवस मागे सरकवून, आणि कन्याकुमारीजवळचा चार-पाच दिवस मागे सरकवून. प्रत्येक ठिकाणचा कोन तिथला घ्या. मग गाळलेली मार्मागोव्याची पातळी तिन्ही स्तंभांशी ताडून बघा. एका हंगामातल्या नव्वद दिवसांवरून निष्कर्ष काढू नका. चाळणी लावल्यावर एकमेकांपासून स्वतंत्र अशा नोंदी त्यात वीस-पंचवीसच उरतात, आणि एवढ्यांत योगायोगानेही संबंध चांगला दिसतो. पाच-सहा वर्षांचे पावसाळे एकत्र घ्या आणि हिवाळे वेगळे ठेवा.

रुंदीचंही भान ठेवा. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन दोनशे किलोमीटरहून रुंद आहे, गोव्यासमोर ती बरीच अरुंद होते. उताराला धरून आलेली दक्षिणेची लाट गोव्यात किनाऱ्याच्या जवळ असते. मुंबईच्या किनाऱ्यावरची पातळी बघून तिचा माग काढणं त्यामुळे जास्त अवघड जातं.

उपग्रहाला न दिसणारं थंड पाणी

पृष्ठभागाच्या तापमानाचा उपग्रह-नकाशा हा पडताळ्याचा सोपा मार्ग वाटतो. कॅलिफोर्निया किंवा पेरूसमोर तो चालतो. गोव्यात जुलै-ऑगस्टला ढगांमुळे अवरक्त कॅमेरे आंधळे असतात. ढगांतून पाहणारे सूक्ष्मतरंगांचे उपग्रह किनाऱ्यालगतच्या पन्नासेक किलोमीटरांत जमिनीने फसतात, नेमक्या त्याच पट्ट्यात जो आपल्याला हवा आहे. आणि आकाश मोकळं झालं तरी वर पाच-दहा मीटर जाडीचं गोड्या पाण्याचं झाकण असतं: पाऊस, मांडवी, झुआरी आणि सह्याद्रीवरून उतरणाऱ्या बाकीच्या नद्या.

हे झाकण किती भक्कम, याचा अंदाज दोन आकड्यांत येतो. क्षारता १ एककाने घटली की घनता सुमारे ०.७५ किलोने कमी होते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात तापमान १ अंशाने वाढलं तर फक्त ०.३३ किलोने. वरचं पाणी ५ एककांनी गोडं असेल तर ते अकरा अंश अधिक गरम असल्यासारखं घट्ट बसतं. वारा त्याला सरकवतो, पण फोडू शकत नाही. थंड पाणी त्याच्या खाली येऊन थांबतं. वर हवा, खाली कुजणारं सेंद्रिय द्रव्य आणि मध्ये हे झाकण, अशा अवस्थेत तळचा प्राणवायू संपत जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यासमोरच्या उथळ पाण्यात तळाशी हायड्रोजन सल्फाइडही मोजला गेला आहे.

त्यामुळे मोजणीला होडी न्यायची असेल तर पृष्ठभागावर समाधान मानू नका. तीस मीटर पाण्यात ०, २, ५, १०, २० मीटर आणि तळाच्या १ मीटर वर, इतक्या ठिकाणी तापमान घ्या. क्षारतेसाठी त्याच खोल्यांवरचं पाणी बाटलीत भरून हाती धरायच्या अपवर्तनमापकावर (प्रकाश किती वाकतो यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणावर) एक थेंब टाका; झाकण ओळखायला एवढी अचूकता पुरते. पहिल्या पाच मीटरांत दोन वाचनं तरी हवीतच. बाटली वर ओढताना वाटेतलं पाणी आत शिरणार नाही असं झाकण असलेलीच वापरा, नाहीतर तळाच्या नमुन्यात वरचं गोडं पाणी मिसळतं. तापमापक प्रत्येक खोलीवर दोन मिनिटं तरी स्थिर ठेवा. दोरी प्रवाहाने तिरकी झाली तर तिचा उभ्या रेषेशी होणारा कोन लिहून घ्या: ३० अंशांच्या कलात २० मीटर दोरी म्हणजे १७ मीटर खोली, आणि थंड थराची वरची सीमा नेमकी याच तीन मीटरांत असू शकते.